लाइट गेली की लगेच 'हल्ला झाला' म्हणायचं का? घातपात, बिघाड आणि आपला मराठवाडा

मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान चकमक चालू होती त्या दिवसांत, एक मेसेज ग्रुपांवर फिरत होता, की पाकिस्तानच्या सायबर हल्ल्यात भारताची ७० टक्के वीज यंत्रणा बंद पडली. पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, तो दावा खोटा असल्याचं लगेच सांगितलं. पण मे महिना म्हणजे आपल्याकडे अवकाळीचा महिना, चार वाजले की आभाळ भरून येतं, वारं सुटतं, लिंबाची फांदी तारेवर पडते, फिडर, म्हणजे वस्तीला वीज देणारी लाइन, ट्रिप होतो आणि सगळी वस्ती अंधारात. दरवर्षीचंच आहे हे. त्या वर्षी मात्र लाइट गेली की लोक वायरमनलाच विचारायला लागले, हल्ला झाला काय हो, आणि तो भिजत खांबावर चढलेला.

त्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने सांगितलं की पहलगामनंतर देशातल्या यंत्रणांवर साधारण १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यातले १५० यशस्वी झाले. म्हणजे मेसेज खोटा होता, पण धोका खरा होता, आणि दोन्ही एकाच वेळी. हा विषय नीट समजून घ्यायला पाहिजे असं मला तेव्हापासून वाटतंय, कारण याबद्दल एकतर घाबरवणारं लिहिलं जातं नाहीतर इतकं टेक्निकल की दोन ओळींत माणूस बंद करून टाकतो.

आधी एवढंच, की कशाकशाला धोका म्हणायचं. वीज, पाणी, रेल्वे, मोबाइल-इंटरनेट, बँका, दवाखाने, पेट्रोल-गॅस. हे बंद पडलं की बाकी सगळं आपोआप बंद पडतं. आपल्या आयटी कायद्यातल्या कलम ७० खाली सरकार अशा महत्त्वाच्या संगणक यंत्रणेला 'संरक्षित' जाहीर करू शकतं, आणि तिच्यात कुणी शिरला तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या यंत्रणांवर लक्ष ठेवायला २०१४ पासून एनसीआयआयपीसी नावाची वेगळी केंद्रीय संस्था आहे. कायद्याचं एवढं पुरे.

आता हे सगळं एकमेकांत किती गुंतलेलं असतं ते मराठवाड्यातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. २०१५ मध्ये परळीचं थर्मल बंद ठेवावं लागलं, का, तर पाणी नाही. पाणी नाही म्हणून वीज नाही. उलटं रोजचं बघा, जायकवाडीच्या पंपहाऊसची लाइट गेली की छत्रपती संभाजीनगरच्या पाण्याचा टप्पा पुढे ढकलला जातो, म्हणजे वीज नाही म्हणून पाणी नाही. आणि २०१६ चं लातूर तर सगळ्या देशाने बघितलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ कलम १४४ लावलं, पाच जणांपेक्षा जास्त लोकांनी जमायचं नाही, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. त्यात दुश्मन कुणीच नव्हता, दुष्काळ होता. पण एक मांजरा धरण कोरडं पडल्यावर एवढ्या मोठ्या शहराचं काय होतं, लोक एकमेकांकडे कसे बघायला लागतात, टाकीवर पोलीस का बसवावा लागतो, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. घातपात करणाऱ्याला नेमकं तेच पाहिजे असतं. त्याला सगळं पाडायचं नसतं, एक जागा पाडली की बाकीचं आपोआप कोलमडावं आणि लोकांचा विश्वास उडावा, एवढंच.

मग उघड युद्ध सोडून चोरून का करतात? याचं उत्तर आपल्या शेतात आहे. बांध कोरणारा शेजारी एका रात्रीत एकर दाबत नाही, दरवर्षी नांगरट करताना वीतभर आत सरकतो, भांडायला जावं तर म्हणतो बैलच तिकडे ओढत होते. वीतभरासाठी कुणी कोर्टात जात नाही आणि दहा वर्षांनी बघावं तर चार तासं, म्हणजे नांगराच्या चार ओळी, गेलेली असतात. देशादेशांत आत्ता हेच चाललंय. नुकसान एवढंच करायचं की समोरच्याला त्यावरून युद्ध पुकारता येऊ नये, आणि असं करायचं की नाकारता यावं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण युरोपातल्या बाल्टिक समुद्रात आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला तिथे समुद्राच्या तळाशी नॉर्ड स्ट्रीमच्या गॅस पाइपलाइनवर स्फोट झाले, चारपैकी तीन लाइनी फुटल्या. एवढा मोठा प्रकार, तरी स्वीडन आणि डेन्मार्क यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपापला तपास बंद केला, जर्मनीने चालू ठेवला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीत एका युक्रेनियन माणसाला पकडलं. जवळपास तीन वर्षं गेली तिथपर्यंत यायला. नंतर तर स्फोटकंसुद्धा लागेनात, जहाजाचा नांगरच पुरायला लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यामधली गॅस पाइपलाइन एका जहाजाच्या नांगराने फुटली. २५ डिसेंबर २०२४ ला, ऐन नाताळात, याच दोन देशांमधली विजेची केबल आणि सोबत फोन-इंटरनेटच्या चार केबली तुटल्या. ईगल एस नावाच्या तेलाच्या जहाजाने आपला नांगर समुद्राच्या तळावरून कितीतरी किलोमीटर फरफटत नेला होता. फिनलंडचे पोलीस आणि तटरक्षक हेलिकॉप्टरने त्या जहाजावर उतरले, जहाज ताब्यात घेतलं, खटला भरला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या कोर्टाने सांगितलं की हे प्रकरण आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. नांगर चुकून पडला की मुद्दाम टाकला, हा प्रश्न तसाच राहिला. वीज केबल दुरुस्त व्हायला मात्र जून २०२५ उजाडला.

हे आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल तर फोन हातात घेऊन विचार करा. खंडांमधला ९५ टक्क्यांहून जास्त इंटरनेट समुद्राखालच्या केबलींमधून जातो, सॅटेलाइटमधून फार थोडा. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातलं, पाकिस्तानातलं नेट स्लो झालं होतं. आणि इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला पाहिजे, जगात दरवर्षी समुद्राखालच्या केबली साधारण १५० ते २०० ठिकाणी तुटतात आणि त्यातल्या बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी नाहीतर जहाजांच्या नांगरांनी, म्हणजे अपघाताने. घातपात करणारा याच गर्दीत लपतो. आपल्याकडे ऑप्टिकल फायबर जेसीबीने तुटतो तसंच ते. रस्त्याचं रुंदीकरण चालू असलं की तालुक्याचं नेट दोन दिवस बंद, बँकेत लिंक नाही, रेशनच्या दुकानात मशीन चालत नाही, अंगठा उठत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं, खोदायच्या आधी खाली काय आहे ते विचारा म्हणून. किती ठेकेदार विचारतात ते आपण रस्त्यावर बघतोच. पण जेसीबीने रोजच केबल तुटत असेल तर एखाद दिवशी कुणी मुद्दाम तोडली हे कळणार कसं, हा प्रश्न उरतोच.

जुन्या लोकांना हे तंत्र नवीन नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४७-४८ मध्ये, आपल्याच भागातल्या लोकांनी सरहद्दीवर कॅम्प काढले, करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जाळली, शिंदीची झाडं तोडली, तारा कापल्या, रूळ उखडले, कारण निजामाची सत्ता नाक्यांवर, तारेवर आणि रेल्वेवर चालत होती. ज्यांच्या आजोबांनी हे केलं ते आजही १७ सप्टेंबरला मान वर करून सांगतात. फरक मला इथेच दिसतो. ती लढाई कुणाविरुद्ध आहे, कशासाठी आहे हे चळवळीने जाहीर सांगितलं होतं आणि नाव घेऊन तुरुंगात गेले लोक. आजचा छुपा घातपात करणारा जबाबदारी घेतच नाही, त्याचं सगळं बळ त्या नाकारण्यात आहे.

आता यंत्राच्या आत काय होतं ते बघू, कारण 'सायबर हल्ल्याने लाइट घालवली' म्हणजे नेमकं काय हे फारसं कुणी सांगत नाही. युक्रेनमधली २३ डिसेंबर २०१५ ची घटना याबाबतीत सगळ्यात नीट अभ्यासलेली आहे. वीज वाटप करणाऱ्या तीन कंपन्या होत्या. त्यांच्या कर्मचाऱ्यांना कित्येक महिने आधी ईमेल आले, सोबत ऑफिसची साधी फाइल, उघडली, 'मॅक्रो (फाइलमधला छोटा प्रोग्राम) चालू करा' म्हटलं, केलं. झालं, दार उघडलं. पण हल्लेखोरांनी लगेच काहीच केलं नाही. आत बसून महिनोन्महिने बघत राहिले, कोणाचा पासवर्ड काय, कोणत्या कंप्युटरवरून ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा-जोडणारा मोठा स्विच, बंद होतो, ऑपरेटर कसं काम करतो. आणि मग त्या दिवशी दुपारी ऑपरेटरच्या डोळ्यासमोर माउसचा बाण आपोआप हलायला लागला, एकेक सबस्टेशन उघडून ब्रेकर बंद करायला लागला. ऑपरेटरने हात लावला तरी काही होईना. साधारण ३० सबस्टेशन बंद, सव्वादोन लाख ग्राहक अंधारात, आणि डिसेंबरची थंडी.

यातली बारीक कामं बघण्यासारखी आहेत. लोकांनी तक्रार करू नये म्हणून कंपनीच्या कॉल सेंटरवर खोट्या फोनांचा मारा केला. कंट्रोल रूमचा यूपीएस बंद होईल अशी वेळ आधीच लावून ठेवली, म्हणजे लाइट परत आणायची ज्यांनी, त्यांची स्वतःचीही लाइट गेली. सबस्टेशनशी बोलणारी जी छोटी उपकरणं असतात त्यांच्यातलं मूळ सॉफ्टवेअर पुसून टाकलं, की पुन्हा दुरून ब्रेकर चालू करता येऊ नये. मग लाइट परत आली कशी? माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि हाताने ब्रेकर लावले. एक ते सहा तासांत वीज आली. यंत्रणा जुनी होती, हाताने चालवता येत होती आणि हाताने चालवणारी माणसं अजून नोकरीवर होती. पुढचे कित्येक महिने त्यांनी तसंच हाताने काम चालवलं.

हे वाचलं तेव्हापासून आपलं ३३ केव्हीचं सबस्टेशन मी वेगळ्या नजरेने बघतो. गावाबाहेर तारेच्या कुंपणात गिट्टी पसरलेली, मधे मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर हुं हुं करतोय, एका खोलीत पॅनल, त्याच्यासमोर ऑपरेटर आणि टेबलावर मोठं रजिस्टर. दर तासाला तो प्रत्येक फिडरचे व्होल्ट, अँपिअर लिहितो. फिडर ट्रिप झाला की रिलेवर, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या उपकरणावर, खूण पडते, ओव्हरकरंट (जास्त करंट) झालाय की अर्थ फॉल्ट (करंट जमिनीत गेलाय), ते वेळेसकट लिहायचं, मगच पुढचं. शेजारच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग, कारण सगळीकडची लाइट गेली तरी ब्रेकर हलवायला तिथे डीसी करंट पाहिजे. ते रजिस्टर, त्या बॅटऱ्या आणि रात्रपाळीचा तो माणूस, हे आपलं खरं संरक्षण आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आता सगळं दुरून चालवायचं, माणसं कमी करायची असं चाललंय. दुरून चालवायला माझी ना नाही, पण हाताने चालवायची सोय काढून टाकली, बॅटरीतलं पाणी कुणी बघेना झालं, रजिस्टर आठवड्याचं एकदम भरायला लागले, की युक्रेनने सहा तासांत जे केलं ते आपल्याला सहा दिवसांत जमणार नाही.

आता डीपीकडे, म्हणजे शेतातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरकडे, येतो, कारण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यंत्रणा फोडली जाणं म्हणजे काय हे डीपीमुळे कळतं. रात्री शेतातली डीपी खाली पाडतात, झाकण उघडून ऑइल काढून घेतात, आतली तांब्याची कॉइल नेतात, सकाळी लोखंडी रिकामा डबा आणि काळ्या तेलाने भिजलेली माती. ते ऑइल डीपीला थंड पण ठेवतं आणि आत करंट इकडून तिकडे उडू देत नाही, ते गेलं की डीपी संपली. चोराला भंगारात काही हजार मिळत असतील. इकडे वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा गहू, हरभरा ऐन फुलोऱ्यात, पाण्याची दारं धरायची वेळ, आणि नवी डीपी येईपर्यंत पंधरा-पंधरा दिवस चकरा. आमच्याकडे एका रब्बीत हे झालं तेव्हा हातातोंडाशी आलेला गहू चिमलेला मी बघितलाय. वीज कायद्यात कलम १३६ खाली हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. चोराचा हेतू पैशाचा, घातपाताचा नाही. पण शेताला हेतू कळत नाही, पाणी मिळालं नाही एवढंच कळतं.

आणि मोठ्या पातळीवर हेच करता येतं, हे अमेरिकेत १६ एप्रिल २०१३ ला दिसलं. कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ नावाच्या सबस्टेशनजवळ रात्री कुणीतरी आधी फोनच्या फायबर केबली कापल्या आणि मग लांबून रायफलीने ट्रान्सफॉर्मरवर गोळ्या झाडल्या. १७ ट्रान्सफॉर्मर निकामी झाले. स्फोट नाही, आग नाही. गोळ्यांनी भोकं पडली, जवळपास २ लाख लिटर ऑइल वाहून गेलं आणि गरम होऊन सगळे बंद पडले. आपल्या डीपीचंच मोठं रूप. वीज दुसऱ्या लाइनींवरून वळवली म्हणून शहर अंधारात गेलं नाही, पण दुरुस्तीला जवळपास महिना लागला, आणि करणारे आजपर्यंत सापडले नाहीत. मोठे ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाहीत, ऑर्डर देऊन बनवून घ्यावे लागतात आणि त्याला वर्ष-वर्ष लागतं, रस्त्याने आणायचं म्हटलं तरी शेकडो टन वजन. म्हणून अशा हल्ल्याचं नुकसान मोजताना किती फुटलं याच्यापेक्षा स्पेअर किती आहे हे आधी विचारावं लागतं.

पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात मुख्य पाइपलाइनचा एअर व्हॉल्व्ह फोडून लोक पाणी भरतात, कारंजं उडतं, हंड्यांची रांग लागते. त्याला घातपात म्हणायला माझी जीभ वळत नाही, तहान आहे ती. पण त्या फुटक्या व्हॉल्व्हमधून, लाइन बंद झाली की बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं, आणि उद्या कुणाला मुद्दाम काही करायचं असेल तर त्याच्यासाठी जागा तयारच. दुरुस्त न केलेली प्रत्येक गोष्ट अशी दुसऱ्याच्या उपयोगाला येते.

पुढचा प्रकार सगळ्यात अवघड, आतला माणूस. २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मरूची नावाच्या भागात सांडपाण्याचे पंप वेड्यासारखे वागायला लागले, मधेच बंद, मधेच चालू, अलार्म वाजायचे नाहीत. आठ लाख लिटर घाण पाणी ओढ्यांत, बागांत, एका हॉटेलच्या आवारात गेलं. महिनोन्महिने सगळ्यांना वाटलं सिस्टिम नवीन आहे म्हणून गडबड होतेय. शेवटी कळलं की ती यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराकडचा जुना कर्मचारी, ज्याला तिथल्या नगरपालिकेने नोकरी नाकारली होती, तो गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन फिरायचा आणि पंपांना हुकूम सोडायचा. त्याला यंत्रणा माहीत होती, बस. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये गुजरातमधल्या सुरत जिल्ह्यात, कीम स्टेशनजवळ, रुळाच्या क्लिपा आणि फिशप्लेटा (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) काढलेल्या सापडल्या. ज्यांनी 'बघा हो, घातपात' म्हणून खबर दिली त्याच रेल्वे कर्मचाऱ्यांना पोलिसांनी पकडलं, शाबासकी मिळावी म्हणून त्यांनीच काढल्या होत्या असं तपासात पुढे आलं. तोपर्यंत सोशल मीडियावर गुन्हेगार कोण, कुठल्या धर्माचा, हे सगळं ठरवूनही झालं होतं.

याच्या उलट बाजूही सांगायला पाहिजे. २६ जुलै २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या पहाटे, फ्रान्सच्या हायस्पीड रेल्वेच्या सिग्नल केबली तीन ठिकाणी जाळल्या, साधारण ८ लाख प्रवासी अडकले. चौथ्या ठिकाणचा बेत फसला, कशाने, तर तिथे रात्रीच्या मेंटेनन्सला आलेल्या रेल्वे कामगारांनी अनोळखी माणसं बघितली आणि पोलिसांना कळवलं. आपल्याकडे परभणी, पूर्णा, मुदखेडच्या लाइनीवर चावीवाला रोज खांद्यावर हातोडा-पाना घेऊन रूळ तपासत चालतो, उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीत सुद्धा. कॅमेरे, ड्रोन लावा, जरूर लावा, पण या माणसाच्या डोळ्याला पर्याय मला तरी दिसत नाही.

बाहेरच्या नेटशी जोडलेलंच नसलं तर सायबर धोका नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. इराणच्या नतांझ अणुकेंद्राची यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेलीच होती. तरी २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस आत गेला, तोही पेनड्राइव्हच्या वाटेने असं मानतात, आणि त्याने युरेनियमची सेंट्रिफ्यूज यंत्रं चुकीच्या वेगाने फिरवून मोडली. त्या वेळी ऑपरेटरच्या स्क्रीनवर मात्र सगळं ठीक दिसत होतं, कारण व्हायरसच जुने चांगले आकडे दाखवत होता. कुठल्याही देशाने हे आम्ही केलं असं अधिकृतपणे म्हटलेलं नाही. आपल्या कुडनकुलमला २०१९ मध्ये व्हायरस सापडला तो ऑफिसच्या कामकाजाच्या नेटवर्कवर, प्रत्यक्ष अणुभट्टीच्या यंत्रणेवर नाही, असं एनपीसीआयएलने, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीने, सांगितलं. ऑफिसचं आणि यंत्राचं नेटवर्क वेगळं ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं असतं.

आता मूळ प्रश्न, ओळखायचं कसं. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी ओळखता येत नाही, आणि पहिल्या दिवशी जो ठामपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. २०२१ मध्ये एका अमेरिकन कंपनीने चिनी हॅकर भारताच्या वीज यंत्रणेत शिरल्याचा अहवाल दिला, राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली, केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले नाही, मानवी चूक होती. एकाच घटनेवर सरकारांचीच दोन मतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओल्डस्मर गावात फेब्रुवारी २०२१ मध्ये पाणी शुद्धीकरणात कॉस्टिक सोड्याचं प्रमाण कुणीतरी दुरून दहा लाख भागांत १०० वरून ११,१०० केलं म्हणून जगभर बातमी झाली, ऑपरेटरने लगेच ते खाली आणलं होतं. दोन वर्षांनी तिथले त्या वेळचे अधिकारीच म्हणाले की हा हल्ला नसून कर्मचाऱ्याच्याच हातून झालं असावं. आणि मार्च २०२५ मध्ये लंडनचं हीथ्रो विमानतळ दिवसभर बंद पडलं, जवळचं सबस्टेशन जळालं होतं. तपास सुरुवातीला दहशतवादविरोधी पोलिसांकडे गेला. निघालं काय, ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमध्ये (तार आत जाते तिथल्या इन्सुलेटरमध्ये) ओलावा शिरला होता, आणि तसा ओलावा २०१८ च्या तपासणीतच दिसला होता, कुणी काही केलं नाही. सात वर्षं.

म्हणून मी 'कोणी केलं' या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न ठेवतो. किती वेळात परत चालू झालं, नोंदी कुठे आहेत, आणि हाताने चालवता येत होतं का. नोंदी असल्या तर पुढेमागे चोर सापडतो, नसल्या तर अफवा उरते. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये नियमच काढला, सायबर घटना लक्षात आली की सहा तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे कंप्युटरच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, बंद पडले, तर दोन आठवड्यांच्या आसपास तिथे केसपेपर हाताने लिहून दवाखाना चालवला. चालला, कारण हाताने लिहिता येत होतं.

आपल्या पातळीवर करायचं तर फार मोठं काही नाही. रुळावर, टॉवरजवळ, डीपीजवळ काही विचित्र दिसलं तर हात लावू नका, वेळ, जागा, खांबाचा नंबर लिहून घ्या, लांबून फोटो काढा. रेल्वेचं असेल तर १३९, विजेचं १९१२, बाकी ११२. ग्रुपवर टाकायच्या आधी तिकडे फोन करा, कारण एक खोटा मेसेज हजार फोन लावायला लावतो आणि त्यात खरा फोन अडकतो, युक्रेनच्या कॉल सेंटरचं तेच झालं होतं.

आणि गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर जो मोबाइल स्टार्टर बसवलाय, घरबसल्या फोनवरून मोटर चालू-बंद करायचा, तो ग्रामसभेत जरूर विचारा. त्यातल्या सिमचा नंबर कोणाकोणाकडे आहे, कंपनीने दिलेला मूळ कोड बदलला का तसाच आहे, मागच्या वर्षी काम सोडून गेलेल्या पाणीवाल्याचा नंबर त्यातून काढला का, आणि सिमला रेंज नसेल तर हाताने दाबायचा हिरवा-लाल बटणाचा जुना स्टार्टर अजून चालू आहे का, की त्याच्या वायरी कुणी काढून नेल्यात.